धक्का पचवणारी नळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडीचे शॉकअप शाबूत आहेत की गेले, हे ओळखायची गॅरेजमधली एक जुनी रीत आहे. गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार द्यायचा, गाडी खाली दाबायची आणि हात एकदम काढून घ्यायचे. गाडी वर आली, किंचित खाली गेली आणि थांबली, तर शॉकअप ठीक. तीन-चार वेळा झुलत राहिली, तर त्याचं काम संपलं असं समजायचं. लहानपणी माझे मामू हे काम मला सांगत. माझं वजन ते काय असणार! मी बंपरवर चढून उडी मारायचो आणि मामू विडी ओढत मोजायचे, "एक... दोन... बस." हे ‘बस’ कितव्या आकड्याला येतं, त्यावर गिऱ्हाइकाच्या खिशाचं भवितव्य ठरायचं.

कविता लिहिणाऱ्या माणसानं शॉकअपवर काय बोलावं, असं काही श्रोत्यांना वाटेल. पण आमच्या घरातली एक गोष्ट या नळीशी बांधलेली आहे. ती घडली तेव्हा मी सातवीत होतो. ती तशी का घडली, हे कळायला मात्र पुढे पुष्कळ वर्षं गेली आणि बरीच पुस्तकं चाळावी लागली. म्हणून आधी गोष्ट सांगतो, मग तिच्यामागचा इतिहास.

आमचं गाव कवठेमहांकाळच्या पुढे, जतच्या बाजूला. मामूंचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक चेनपुली आणि बाभळीची सावली. गावातल्या एका संस्थेची जुनी जीप त्यांच्या देखभालीत असे. दिवसा ती संस्थेच्या कामाला फिरे आणि अडल्यानडल्याला पेशंट घेऊन मिरजेला जाई. तिचे शॉकअप गेले, तेव्हा मामू मुंबईला गेले आणि चोर बाजारातून एका मोडीत निघालेल्या परदेशी गाडीचे चार शॉकअप घेऊन आले. बुश बदलून त्यांनी ते जीपला बसवले. हे शॉकअप साधे नव्हते. गाडीवरून उतरवून नळी पूर्ण आत दाबली आणि फिरवली, की आतली खाच सापडायची. मग जितके फेरे द्याल तितका तो कडक. मामूंनी चारही शॉकअप शेवटपर्यंत आवळले. "ढिल्ला माल काय कामाचा?" असं त्यांचं म्हणणं. मग मला बंपरवर उडी मारायला लावली. ‘एक’सुद्धा मोजावं लागलं नाही. उलट, दाबलेली जीप वर यायलाच वेळ घेत होती. मामू खूष झाले. आम्ही सगळेच खूष झालो.

पंधरवड्यात अम्मी विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. जीपमध्ये गादी टाकून तिला मिरजेला न्यायचं ठरलं. पहिले दहा-अकरा किलोमीटर मुरमाचा रस्ता. अशा रस्त्यावर गाड्या जाऊन जाऊन आडव्या वळ्या पडतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. सुरुवातीच्या एक-दोन खड्ड्यांतून जीप दिमाखात गेली. पण वळ्या सुरू झाल्या आणि क्षणात असं वाटायला लागलं, की या जीपला पाटेच नाहीत. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा प्रत्येक वळीचा दणका आत येत होता. अम्मी ओरडली नाही. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मामूंनी वेग कमी केला, आणखी कमी केला, शेवटी उतरून चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली आणि बैलगाडीच्या चालीनं जीप नेली. मिरजेला पोचायला साडेतीन तास लागले.

नवे शॉकअप, तेही शेवटपर्यंत कडक केलेले, आणि गाडी जुन्या शॉकअपपेक्षा वाईट. असं का व्हावं? मामूंना तेव्हा कळलं नाही. मला तर नाहीच नाही.

याचं उत्तर शोधायचं, तर आधी नावातला घोटाळा निस्तरावा लागतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. पण खरं पाहिलं तर धक्का झेलण्याचं काम तो करतच नाही. ते काम पाट्याचं किंवा स्प्रिंगचं. चाक दगडावर चढतं तेव्हा स्प्रिंग दबते आणि तो धक्का आपल्या पोटात साठवून ठेवते. साठवलेलं परत देणं हा तिचा धर्म. दगड मागे पडला की ती उसळते, मग पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हे झुलणं थांबवणारा, साठलेली ताकद हळूहळू जिरवून टाकणारा दुसरा कोणीतरी लागतो. तो म्हणजे शॉकअप. नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोकं असतात. चाक हललं की तेल त्या भोकांतून जबरदस्तीनं ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, चटका बसेल. रस्त्यानं दिलेला धक्काच तिथे गरम होऊन बसलेला असतो. इंग्रज लोक त्याला डँपर म्हणतात, ते जास्त खरं आहे.

घोड्याच्या गाडीला अशी नळी लागत नव्हती. लंडनच्या ऑबडाया इलियट यांनी १८०४ च्या सुमारास लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगांचं पेटंट घेतलं आणि बग्ग्या हलक्या व सुखाच्या झाल्या. एकावर एक बसवलेले पाटे एकमेकांवर घासत आणि त्या घासण्यातच झुलणं जिरून जाई. शिवाय घोडा पळून पळून किती पळणार! मोटार आली आणि हा हिशेब बिघडला. वेग वाढला, पण रस्ते तेच राहिले. गाडी पाट्यांवर नाचू लागली आणि चाकं जमीन सोडू लागली. चाकानं जमीन सोडली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नावापुरते उरतात.

यावर पहिला चालणारा तोडगा निघाला तो एका सायकलीतून. फ्रान्समध्ये ट्रुफो नावाच्या माणसानं १९०० च्या सुमारास सायकलच्या पुढच्या काट्याला स्प्रिंग लावली आणि तिची उसळी आवरायला घर्षणाची जोडणी बसवली. एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकन मोटारशौकिनानं ती पाहिली आणि मोटारीला लावली. रचना अगदी साधी. कात्रीसारखे दोन दांडे, एक चासीला आणि एक पाट्याला जोडलेला. सांध्यावर घर्षणाची चकती आणि मधोमध एक बोल्ट. बोल्ट आवळला की कडक, सैल केला की मऊ. म्हणजे मोटारीचा हा शॉकअप जन्मला तोच ‘अ‍ॅडजस्टेबल’. गाडीगाडीचं वजन वेगळं, रस्तारस्त्याचा स्वभाव वेगळा, तेव्हा एकच माप सगळ्यांना चालणार नाही, हे त्या बोल्टनं पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं होतं.

घर्षणाच्या या जोडणीत एक खोट होती. घासणारी चकती हलायलाच आधी नकार देते. आणि एकदा हलली, की मग हळू हलवा नाहीतर जोरात, तिचा विरोध साधारण तेवढाच. म्हणजे बारीक खडीवर ती उगाच अडून बसते आणि मोठ्या खड्ड्यात हवी तेवढी अडत नाही. तेलाचं वागणं याच्या बरोबर उलटं. हळू ढकललं तर तेल वाट देतं, जोरात ढकललं तर अंगावर येतं. पाण्यात हात हळू फिरवा आणि जोरात फिरवा, फरक लगेच कळतो. म्हणून पुढचा इतिहास तेलाचा झाला.

मधल्या काळात एक गमतीदार वळण आहे. अमेरिकेत क्लीव्हलंडला क्लॉड फॉस्टर नावाचे गृहस्थ गॅब्रिएल या नावानं मोटारीचे भोंगे बनवत. १९१४ च्या सुमारास त्यांनी ‘स्नबर’ नावाची वस्तू बाजारात आणली. एका डबीत पट्टा गुंडाळलेला असे. चाक वर जाताना पट्टा सैल राही, चाक खाली येऊ लागलं की तो उसळीला लगाम घाले. म्हणजे स्प्रिंग दबताना मोकळीक आणि उसळताना अडवणूक. दाब आणि उसळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा बंदोबस्तही वेगवेगळा करावा लागतो, ही समज त्या पट्ट्यात होती. आमच्या मामूंच्या चुकीची किल्ली इथेच आहे. ती तूर्त खिशात ठेवू.

तेलाचे शॉकअप फ्रान्सच्या मोरिस हुदाय यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी वापरात आणले. त्यांच्या पद्धतीचे शॉकअप पुढे फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीला लागले. फोर्डच्या आधीच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ला कारखान्यातून शॉकअप मिळतच नसत, ज्याला हवे त्यानं बाजारातून घेऊन बसवावेत. ‘मॉडेल ए’च्या शॉकअपला तेलाची वाट कमी-जास्त करणारी सुई होती. थंडीत तेल घट्ट होतं तेव्हा वाट मोकळी करायची, उन्हाळ्यात ती आवळायची. पुढे १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चालकाला बसल्या जागेवरून शॉकअप कमी-जास्त करता येतील अशी सोय निघाली. रोल्स-रॉइस गाड्यांच्या स्टिअरिंगजवळ त्यासाठी छोटा दांडा आला. वेग वाढला की चालकानं तो सरकवायचा.

याच काळात मोरिस ऑली नावाचे इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे आले. मऊ आणि कडक यांचा त्यांनी निराळा विचार केला. वजनं पुढे-मागे सरकवता येतील अशी एक गाडी त्यांनी तयार केली. तीत माणसांना बसवून फिरवायचं, वजनं हलवायची आणि प्रत्येक वेळी विचारायचं, आता कसं वाटतं? गाडीतलं सुख मोजेल असं उपकरण त्यांच्याकडे नव्हतं. शेवटचा निकाल बसणाऱ्याच्या पाठीचा, ही गोष्ट त्यांनी मानली. पुढे शास्त्रानंही ती बाजू उचलून धरली. सेकंदाला चार ते आठ वेळा खालीवर होणारी हालचाल माणसाच्या देहाला सर्वांत जास्त जाचते, कारण आपलं धड आणि कणा त्याच गतीला हलायला राजी असतात. खराब रस्त्यावर जन्म काढलेल्या ड्रायव्हरांच्या कंबरेला हे शास्त्र न शिकताच ठाऊक असतं.

आता मामूंच्या चोर बाजारातल्या शॉकअपकडे येऊ. नेदरलँडमध्ये कोनी नावाचा कारखाना आहे. १८५७ साली द कोनिंग नावाच्या माणसानं घोडागाड्यांचं सामान बनवायला तो सुरू केला. १९३२ मध्ये तिथे पहिला शॉकअप बनला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आवळता येणारा नळीचा शॉकअप. गाडीवरून काढून, पूर्ण दाबून, फिरवून आवळायची पद्धत याच कारखान्याची. मामूंचे शॉकअप याच जातीचे होते. पण या आवळण्याचा मूळ हेतू काय होता? वापरून वापरून शॉकअप झिजतो, त्याची पकड सुटते. ती सुटली की थोडा आवळून त्याला मूळ ताकदीवर आणायचं, म्हणजे नवा घ्यायला नको. दुसरं म्हणजे, ते आवळल्यानं फक्त उसळी कडक व्हायची. दाब होता तसाच राहायचा.

खिशातली किल्ली आता काढू. पन्हाळी रस्त्यावर दोन वळ्यांमधलं अंतर दोनेक फूट धरा. ताशी तीस किलोमीटरनं गेलं, तर सेकंदाला तेरा-चौदा वळ्या चाकाखालून जातात. प्रत्येक वळीला स्प्रिंग दबणार आणि पुढची वळी यायच्या आत तिला पुन्हा उघडायला हवं. मामूंनी उसळी पार बांधून टाकली होती. स्प्रिंग दबायची, पण वर यायला तिला सवड मिळायची नाही. अर्धी उघडते न उघडते तोच पुढची वळी हजर. सावकारी कर्जासारखं हे असतं. मागची थकबाकी फिटायच्या आत पुढचा हप्ता उभा. आठ-दहा वळ्यांत जीप खाली खाली बसत गेली आणि शेवटच्या रबरी ठोकळ्यावर टेकली. मग पाटे असून नसल्यासारखे. चासीला बसणारा दणका थेट अम्मीच्या मांडीत. बंपरवर मी उडी मारली तेव्हा जीप वर यायला वेळ घेत होती, हीच तिची तक्रार होती. आम्ही ती शाबासकी समजलो.

कडक म्हणजे मजबूत हा गैरसमज काही आमच्या गावापुरता नव्हता. जगातले सर्वांत निष्णात चालकसुद्धा त्यात फसले आणि त्यांना शहाणं केलं मेक्सिकोच्या वाळवंटानं. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियाला लागून खाली बाहा नावाचा चिंचोळा द्वीपकल्प आहे. १९६७ साली तिथे तिहुआना ते ला पास अशी साडेआठशे मैलांच्या आसपासची शर्यत सुरू झाली. दगड, धूळ, कोरडे ओढे आणि समुद्राच्या लाटांसारखे एकामागून एक उंचवटे. पहिल्या वर्षी कोण जिंकलं? एखादा दणकट ट्रक नव्हे, तर फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर बांधलेली ‘मायर्स मँक्स’ नावाची हलकी, खेळण्यासारखी गाडी. व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी तिच्यातून २७ तास ३८ मिनिटांत अंतर कापलं.

चारच वर्षांनी, १९७१ मध्ये, इंडियानापोलिसची नामांकित शर्यत जिंकलेले पार्नेली जोन्स यांनी बिल स्ट्रॉप यांच्या साथीनं ‘बिग ओली’ नावाच्या फोर्ड ब्रॉन्कोमधून ही शर्यत १४ तास ५९ मिनिटांत जिंकली. १९७२ मध्येही जिंकली. सुरुवातीला जोन्स गाड्या मोडण्यासाठीच जास्त प्रसिद्ध होते. रस्त्याला हरवायला निघालेला माणूस गाडी मोडतो, हे त्यांना वाळवंटात कळलं. बिग ओली वरून ब्रॉन्को दिसत असली, तरी आतून ती हलकी, पोलादी नळ्यांची आणि चाकांना भरपूर खालीवर होऊ देणारी होती. जोन्स २०२४ मध्ये वारले. त्याआधी २०२१ मध्ये त्यांची ही गाडी लिलावात साडेअठरा लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली.

बाहानं शॉकअपला तीन धडे शिकवले. पहिला उष्णतेचा. तासन्‌तास मार खाऊन तेल तापतं, पातळ होतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाला कसली ताकद! म्हणून तेव्हाचे ट्रक एकेका चाकाला दोन-दोन शॉकअप लावत. यावरचं खरं औषध फ्रान्सच्या ख्रिस्तियान बुर्सिए द कार्बों यांनी १९५० च्या दशकातच शोधलं होतं. नळी एकच ठेवायची, तेलाच्या मागे एक तरंगता दट्ट्या आणि त्याच्या पलीकडे दाबाखालचा वायू. तेलाला फेसाळायला जागाच उरत नाही. जर्मनीच्या बिल्स्टाइन कंपनीनं ती रचना घेतली आणि १९५७ मध्ये मर्सिडीज गाड्यांना असे शॉकअप लागले. पुढे वाळवंटातल्या ट्रकांनी त्याला तेलाची वेगळी बाटली जोडली. तेल जास्त, थंडावा जास्त.

दुसरा धडा लांबीचा. चाकाला खालीवर व्हायला जितकी जास्त जागा, तितका धक्का सावकाश जिरवता येतो. आजच्या बाहाच्या मोठ्या ट्रकांची मागची चाकं अडीच-तीन फूट खालीवर होतात.

तिसरा धडा जागेचा. शॉकअप सगळीकडे सारखाच कडक असायचं कारण नाही. मधल्या भागात तो मऊ हवा, म्हणजे खडी पोटात न घेता विरून जाईल. शेवटाकडे तो कडक हवा, म्हणजे मोठ्या उडीनंतर ठोकळ्यावर आपटणार नाही. त्यासाठी मुख्य नळीला बाहेरून बारीक नळ्या जोडतात. मधल्या भागात तेल त्या आडवाटेनं पळतं. दट्ट्या टोकाकडे गेला की आडवाट बंद होते. प्रत्येक आडवाटेला आपला स्क्रू; दाबाचा वेगळा, उसळीचा वेगळा.

साध्या माणसाच्या ट्रकपर्यंतही ही सोय आली. कॅलिफोर्नियाच्या रँचो कंपनीनं अंगावरच खुंटी असलेला शॉकअप काढला. तिला सुरुवातीला पाच घरं होती, पुढे नऊ झाली. गाडी न उचलता, हातानं फिरवा. पण सोय आली की मोहही येतो. खुंटीवर नऊ आकडा असला, की तो नऊवर नेऊन ठेवणारे मामू जगात सगळीकडे असतात.

मग निवडायचं कसं आणि जुळवायचं कसं? जाणकार सांगतात त्याचं सार असं. आधी लांबी पाहा. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना शॉकअपचं टोक आधी टेकता कामा नये. नाहीतर तो स्वतःच तुटतो. मग वजन पाहा, तेही रोजचं, वर्षातून एकदा भरलेलं नव्हे. मग रस्ता पाहा. लांबच्या खराब रस्त्याला तापणं सोसणारा हवा. गावातल्या दोन खड्ड्यांसाठी बाटलीवाल्यावर पैसे घालणं म्हणजे डासाला तोफ. चाकातली हवा आधी ठीक करा, कारण टायर हीच पहिली स्प्रिंग. जुळवताना मऊ बाजूनं सुरुवात करा. रस्त्याचा एकच तुकडा निवडा, वेग एकच ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. गाडी खड्ड्यात ठोकळ्यावर आपटत असेल तर दाब वाढवा. खड्ड्यानंतर घोड्यासारखी मागून उडत असेल तर उसळी आवळा. ओळीनं आलेल्या उंचवट्यांवर ती खाली बसत चालली, तर उसळी सैल करा. डाव्या-उजव्या बाजू सारख्या ठेवा.

हे ऐकताना मला मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर आठवतात. तंबोऱ्याची जवारी काढताना तारेखालचा दोरा ते केसभर सरकवतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा केसभर सरकवतात. दोन गोष्टी एकदम हलवत नाहीत. हलवल्या तर कशानं काय झालं, हे कळणार कसं?

या इतिहासाचा आपल्याकडचा धागाही सांगायला हवा. १९४५ मध्ये लुधियानात महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. याच कंपनीनं मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. महायुद्धासाठी बनलेली ती गाडी आपल्या खेड्यांत साहेबाची, डॉक्टरची, मतपेट्यांची गाडी झाली. आणि क्लीव्हलंडच्या भोंगेवाल्या फॉस्टर यांच्या ‘गॅब्रिएल’चं नाव १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंडला आलं. गॅब्रिएल इंडियाचा कारखाना तिथे उभा राहिला आणि ते नाव आपल्या गॅरेजांत घरचं झालं.

आता शॉकअप स्वतःच विचार करू लागले आहेत. जेकब रॅबिनो यांनी अमेरिकेत १९४० च्या दशकात असं द्रव दाखवलं, की चुंबक जवळ येताच ते घट्ट होतं. त्या तत्त्वावरचे शॉकअप कॅडिलॅक गाडीत २००२ मध्ये आले. ते सेकंदाला हजार वेळापर्यंत आपला कडकपणा बदलू शकतात. २०१९ मध्ये फोर्डच्या रॅप्टर ट्रकला विजेवर चालणाऱ्या झडपांचे फॉक्स कंपनीचे शॉकअप मिळाले. गाडी हवेत उडाली हे ते ओळखतात आणि जमिनीवर येण्याआधी स्वतःला आवळून घेतात. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण त्या यंत्रालाही कोणीतरी आधी सांगावं लागतं, की सुख कशाला म्हणायचं आणि कोणाचं.

मामूंना हे कोणी सांगितलं नव्हतं. अम्मीला दवाखान्यात ठेवून ते परत आले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जीप कामाला देणं बंद केलं. चारही शॉकअप उतरवले, प्रत्येकाचा अर्धा फेरा सैल केला आणि पुन्हा चढवले. जीपमध्ये अम्मीची गादी होती त्या जागी काठोकाठ भरलेला पितळेचा तांब्या ठेवला. मुरमाच्या रस्त्याचा तोच फर्लांगभर तुकडा, तीच चाल. परत येऊन तांब्यात काडी बुडवून पाहिली, किती पाणी सांडलं ते. पुन्हा शॉकअप उतरवले, आणखी अर्धा फेरा. काडी धरायचं काम माझं होतं. आठवडाभर हे चाललं. गावातले लोक म्हणायचे, उस्तादाचं डोकं फिरलं. ऑली साहेबांचं नाव मामूंनी कधी ऐकलं नव्हतं. पण पाठीला विचारायची सोय नसेल तर तांब्याला विचारावं, इतकं त्यांचं त्यांना सुचलं. पार सैल केलेल्या शॉकअपनं पुन्हा पाणी सांडायला लागलं, तेव्हा ते थांबले आणि अर्धा फेरा मागे आले.

दोन महिन्यांनी अम्मीला तपासणीसाठी पुन्हा मिरजेला न्यायचं होतं. गाडी तीच, रस्ता तोच. घरी परतल्यावर ती एवढंच म्हणाली, "या खेपेला रस्ता बरा केलेला दिसतोय." मामू काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले आणि बराच वेळ विडी ओढत बसले.

ती शेड आता राहिली नाही. पण ती पाडेपर्यंत आतल्या पत्र्यावर मामूंनी कोळशानं लिहिलेल्या दोन ओळी होत्या. पुढे येणाऱ्या पोरांसाठी असाव्यात. एक ओळ होती, ‘माल – दीड फेरा’. तिच्याखाली दुसरी, ‘पेशंट – अर्धा’.